वकीलसाहेबांची चेष्टा

सराफ्यामागच्या गल्लीत, रामकृष्णजींच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात शरयूने त्या सागवानी टेबलावर हात ठेवला, तर दुसऱ्या टोकाला आधीच एक हात होता!

“अगं बाई!” तिच्या तोंडून निघून गेलं.

हाताचा मालक हसला. “तुम्ही मराठी? मग घ्या तुम्हीच. मी वकील आहे, फीस घेतल्याशिवाय वाद नाही घालत.”

त्याचं नाव अश्विन. घरी मराठी, पण लहानपणापासून हिंदीतच वाढलेला. नवंकोरं ऑफिस थाटायला निघाला होता, पण रिकाम्या खिशाला जुनंच टेबल परवडणार होतं. शरयूचं तसं नव्हतं. ती रेल्वेत नोकरीला, नागपूरहून बदली होऊन या हिंदी मुलखात आलेली. तिची आई रोज फोनवर तिकडून नवा सोफासेट पाठवायला निघायची. पण नव्या पॉलिशचा वास आला की शरयू दुकानातून बाहेर पडायची. तिचं लग्न एकदा ठरलं होतं. पलंग, कपाट, सोफा, सगळं दोघांनी मिळून निवडलं होतं. आणि मग तो म्हणाला होता, “मी गमतीत हो म्हटलं गं... तू फारच मनावर घेतलंस.” तेव्हापासून तिला जुनंच आवडायचं. कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं टिकलेलं लाकूड खोटं बोलणार नाही, असं तिला वाटायचं.

टेबल तिच्या घरी गेलं. त्याचा एक पाय डुगडुगत होता, म्हणून पहिल्या रविवारी अश्विन पाचर ठोकायला आला. पाचर बसली, तरी पुढच्या रविवारी तो फाइली घेऊन हजर!

“आता काहून आले? पाचर तर बसली ना?” शरयूने विचारलं.

“टेबल तुमचं... पण रविवारी थोडंसं माझं पण. चालेल ना?”

चाललं. कोवळ्या उन्हात तो फाइली वाचायचा, ती मटार सोलायची. तो मटार पळवायचा, ती हातावर चापट मारायची.

“चहा थंडा झाला,” तो म्हणायचा.

“गार झाला म्हणा. नागपुरात माझ्या आईसमोर असं बोललात तर हसेल ती.”

“आईसमोर? म्हणजे... भेटवणार आहे तुम्ही?”

शरयूने घाईघाईने मान मटारांत घातली. कान मात्र लाल झाले होते.

त्यानंतर त्याने शुद्ध मराठीचा ध्यासच घेतला. आणि जानेवारीतल्या एका दुपारी फाइल मिटून, घसा खाकरून तो म्हणाला, “शरयूजी, खरं सांगतो. टेबल तर बहाणा होता. इतके रविवार मी फक्त... चेष्टा करून राहिलो होतो. मनापासून.”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. “चेष्टा?”

“हो. आता पण करून राहिलो. तुम्ही म्हटलं तर जिंदगीभर करीन.”

पुन्हा तेच. पुन्हा तीच वेडी ठरली होती. रडू आवरत ती उठली. “उद्या हमाल आणा आणि टेबल घेऊन जा.”

त्याचा चेहरा पडला. फाइली गोळा करून तो दारापर्यंत गेला आणि न राहवून वळला. “कोशिश करना इतना बुरा है क्या?”

“कोशिश?”

“तेच तर म्हटलं मी... चेष्टा. कोशिश हिंदी आहे ना, म्हणून संस्कृतवाला शब्द घेतला. शुद्ध...”

शरयू मटकन खुर्चीत बसली. हसू आणि रडू एकदमच आलं. “अहो वकीलसाहेब, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. मजाक!”

“हे भगवान! म्हणजे मी जिंदगीभर...”

“हो!”

तो कपाळाला हात लावून उभा राहिला. तिने डोळे पुसले. “एकदा झाली आहे माझी थट्टा. भीती वाटते मला, अश्विन.”

तो जवळ आला, पण टेबलाच्या पलीकडेच थांबला. “मग कोशिशला काय म्हणतात?”

“प्रयत्न.”

“प्र...यत्न.” त्याने जपून उच्चारलं. “तो करू ना मी?”

“नको.” ती खाली बघत म्हणाली. “आता कशाला करतोस? ...मी तुझीच आहे.”

शरयूने त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. आणि तेवढं मराठी अश्विनला चांगलंच कळत होतं.