रिठ्याचं काळं पाणी

“अवं, हळू ओत! बंदूक धुऊन राहिली का बैलाले पाणी पाजून राहिली?” शेजारचा अंकुश ओरडला.

वृषालीनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. नरसाळं नळीच्या तोंडाशी धरून ती रिठ्याचं वाफाळतं पाणी ओतत होती, आणि पायरीवर बसलेली दामिनी तिच्याकडे नुसती बघत होती. बघत कसली, जळत होती!

जळणारच ना! मोहगावच्या नत्थूजींच्या, म्हणजे दामिनीचे आजोबा आबाजी यांच्या, घरात दसऱ्याच्या सुट्टीत, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, ही ठासणीची बंदूक पेटीतून बाहेर निघायची. नत्थूजींच्या आजोबांपासून चालत आलेली, उभी केली तर दामिनीपेक्षा उंच! संत्र्याच्या बागेत रानडुकरं घुसतात म्हणून तिचा परवाना होता, तोही एकट्या नत्थूजींच्या नावावर. पण नत्थूजींनी ती कित्येक वर्षांत उडवली नव्हती. डुकरांना फटाक्यांची लड पुरते, असं ते म्हणत. बंदूक फक्त धुवायची, पुसायची आणि नवमीला पुजायची. आणि हे धुणं-पुसणं दामिनी तिसरीत असल्यापासून दामिनीचंच होतं. रिठे भिजत घालणारी ती, उकळणारी ती, गजाला चिंधी गुंडाळून नळी घासणारी ती, आणि शेवटी तिळाच्या तेलात मेण वितळवून लेप लावणारीही तीच!

यंदा मात्र काल संध्याकाळी मोरेश्वरकाका पांढुर्ण्याहून सहकुटुंब आले आणि सगळा घोटाळा झाला. त्यांच्या वृषालीनं आबाजींच्या गळ्यात हात टाकून म्हटलं, “आबाजी, यंदा बंदूक मी धुऊ?” आणि आबाजी विरघळले! “धू ना, बापा. तू काय परकी आहे?” दामिनीला साधं विचारलंसुद्धा नाही.

वर वृषाली सारखी सांगणार, “आता आमचं पांढुर्णा जिल्हा झालं नं!” जसा काही तो जिल्हा हिनेच दप्तरात घालून आणला होता. मोहगाव त्याच जिल्ह्यात आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

“आई गं! केवढा मळ!” वृषाली किंचाळली.

सगळे धावले. नळीतून काळंकुट्ट पाणी परातीत पडत होतं, आणि सडक्या अंड्यासारखा वास अंगणभर सुटला होता. अंकुशनं नाक दाबलं. मोरेश्वरकाका मात्र कौतुकानं हसले.

“पाहा माझी पोरगी! पहिल्याच वर्षी एवढा मळ काढला! दामिनी, तू काय दर साली वरवरच पुसत होती का व?”

ओसरीवरच्या पाहुण्या बायका हसल्या. आजी, म्हणजे देवकाबाई, तीसुद्धा पदराआड हसली. आणि आबाजी? ते परातीतल्या पाण्याकडे बघत मिशी कुरवाळत राहिले.

दामिनीचे कान तापले. वरवर! तिनं? मागच्या साली तिनं नळी इतकी घासली होती, की तिसऱ्या पाण्याला परातीचा तळ दिसत होता! ती ताडकन उठली आणि गोठ्यामागं जाऊन रडली. हो, रडली. मग डोळे पुसले आणि तिथं आलेल्या अंकुशला म्हणाली, “ते पाणी काळं काहून निघालं, सांग.”

“मळ होता म्हणून.”

“येडा आहे का? पेटीत ठेवलेल्या बंदुकीत मळ येईल कुठून? धूळ असती तर पाणी गढूळ झालं असतं. सडक्या अंड्याचा वास बंदुकीच्या दारूचा असते, आबाजींनीच सांगतलं होतं मले. दारू जळली की तिची काजळी नळीत बसते. अंकुश, कोणीतरी बंदूक उडवली!”

अंकुशचे डोळे बटाट्याएवढे झाले. “बापा रे! परवाना तर आबाजींचा आहे. पोलिसाले समजलं तर?”

“तर बंदूक जमा होईन सौंसरच्या ठाण्यात. आन् मग पूजाबिजा काही नाही. पण आधी मले दाखवायचं आहे, का मागच्या साली माझी नळी साफ होती!”

दोघं ओसरीवर परतली. आबाजींनी बंदुकीचा खटका, म्हणजे बार उडवणारा लोखंडी भाग, सोडवून चौरंगावर ठेवला होता. घोडा म्हणजे खटक्यावरचा हातोडा. दामिनीनं तो हळूच मागं ओढून पाहिला. एरवी चटकन मागं येणारा घोडा कसाबसा सरकला! तिनं नखानं खरवडलं, तर पिवळट, चिकट पापुद्रा निघाला.

तिनं वास घेतला आणि तिला आनंदानं उडीच मारावीशी वाटली. जवस! जवसाचं तेल! आबाजींचा नियम घरातलं शेंबडं पोरही सांगेल: लाकडी दस्त्याला जवस, लोखंडाला तीळ आणि मेण. जवस लाकडावर वाळून छान चमकतो, पण लोखंडाच्या सांध्यात वाळला की सरसासारखा चिकटून बसतो. दोन्ही बुधल्या पेटीशेजारी फळीवरच असायच्या.

“वृषालीनं लावलं!” दामिनी हातावर हात मारत म्हणाली. “पाह्य, काल आली आन् आल्या आल्या सत्यानाश केला! आता सांगतो आबाजीले!”

“अवं, पण हे वाळलेलं आहे,” अंकुश म्हणाला. “आमच्या बाबानं बैलबंडीच्या चाकाले जवस लावला तर आठ-आठ दिवस चिकचिक करते. एका रात्रीत कुठून वाळते?”

दामिनीला फार वाईट वाटलं. किती छान जमलं होतं!

पण अंकुशचं खरं होतं. तेल बरंच आधीचं होतं. मग घरात कोण होतं, जेव्हा आबाजी नव्हते? दामिनीला आठवलं. पोळ्याच्या सुमारास आबाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला झालं, तेव्हा सगळं घर तिकडं होतं. बागेवर लक्ष ठेवायला मोरेश्वरकाका आले होते. किल्ल्या त्यांच्याकडेच होत्या!

“बागेत जाऊ,” दामिनी म्हणाली. “बंदूक उडवली असन तर घरात नाही, तिथंच.”

“मी पण येते!” मागून आवाज आला. दारात वृषाली उभी. कधीपासून ऐकत होती कोण जाणे!

“तू कायले? तू धू ना बंदूक!”

“मला पण कळलं, ते पाणी बरोबर नव्हतं,” वृषाली म्हणाली. “मी आबाजींचा चेहरा पाहिला. मी मूर्ख नाहीये!”

दामिनीला ती मूर्खच असायला हवी होती. पण आता नाही म्हणायलाही काही उरलं नव्हतं.

रामाकोन्याच्या वाटेवर बाग होती. झाडांना संत्री लागलेली, अजून हिरवीच. तिघांनी विहिरीची कड पाहिली, खोडं पाहिली, भिंत पाहिली. कुठं काही नाही! अंकुश बांधावर, म्हणजे त्यांच्या भाषेत धुऱ्यावर, बसकण मारून म्हणाला, “मले तर भूक लागली. आता या बुजगावण्यालेच विचारा.”

धुऱ्यापलीकडच्या ज्वारीत बुजगावणं उभं होतं, आबाजींची जुनी बंडी घालून. दामिनीनं सहज त्याच्याकडे पाहिलं आणि ती धावतच सुटली.

बंडीच्या छातीवर भोकंच भोकं होती! बारीक, गोल, एकाशेजारी एक.

“छर्रे!” तिघंही एकदम ओरडली.

अंकुशनं बंडीत हात घालून पेंढा चाचपला. आतून एक गोळा निघाला, कडेनं जळलेला. छर्रे आणि दारू नळीत घट्ट बसावी म्हणून मध्ये ठासलेली चिंधी होती ती. त्यानं उलगडून दाखवली: निळ्या-पांढऱ्या चौकटी.

“आपल्या घरी असा कपडाच नाही,” दामिनी म्हणाली. “वृषाली, पाह्य बरं—”

वृषालीचं तोंड पांढरं पडलं होतं.

“हा माझ्या चौथीच्या ड्रेसचा कपडा आहे,” ती पुटपुटली. “पप्पा त्याच्या चिंध्या स्कूटरच्या डिक्कीत ठेवतात. पुसायला.”

दामिनीच्या मनात लाडू फुटले! एक नव्हे, पाटीभर! कालपासून मिरवणाऱ्या वृषालीचेच पप्पा! ‘वरवर पुसत होती का व’ म्हणणारे तेच! उद्या पूजेला सगळं गाव येईल, आणि तिथं सगळ्यांसमोर ही चिंधी आबाजींच्या हातात ठेवली की झालं!

“दे इकडं!” म्हणून तिनं चिंधी मुठीत घेतली.

वृषाली रडली नाही, भांडलीही नाही. धुऱ्यावर बसून म्हणाली, “सांग. तुला तेच पाहिजे होतं. तसंही तुझंच सगळं आहे इथं. आबाजी वर्षभर तुझे, बंदूक तुझी, बाग तुझी. मी सुट्टीत येते तर म्हणतात, पाहुणी आली, तिला पाट द्या. एक दिवस मला वाटलं, आपण पण घरच्यासारखं काहीतरी करावं. म्हणून मागितली मी बंदूक.”

दामिनीची चिंधीवरची मूठ सैल झाली. वृषाली तिच्यावर जळत होती? जिल्ह्याची वृषाली, शाळेत पहिली येणारी वृषाली? ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली.

“काकानं स्वतःच सांगतलं तर?” ती म्हणाली. “चिंधी नाही दाखवणार मी. पण माझं नाव साफ झालंच पाहिजे!”

“ते स्वतःहून कधीच नाही सांगणार.” वृषालीनं नाक पुसलं. मग एकदम मान वर केली. “पण त्यांना कोणी ‘तुम्हाला जमत नाही’ म्हटलं ना, की त्यांना राहवतच नाही! कॅरम असो नाही तर पतंग!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अंकुशच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. “हे तर सोपं आहे. बोलाचं काम माह्याकडं द्या!”

नवमीच्या सकाळी ओसरी भरली होती. चौरंगावर विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, आणि मधोमध बंदूक, झेंडूची माळ घातलेली. मोरेश्वरकाका नवा झब्बा घालून पाहुण्यांना सांगत होते, “यंदा बंदूक खरी साफ झाली! आमच्या वृषालीनं केली नं!”

दामिनीनं मूठ आवळली. पण चिंधी घरातल्या डब्यात होती आणि दिलेला शब्द ती मोडणार नव्हती.

“आबाजी,” अंकुश मोठ्यानं म्हणाला, “काल आम्ही बागेत गेलो होतो. कोणीतरी बुजगावण्यावर बंदूक चालवलेली दिसते.”

सगळ्या पाहुण्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

“पण काय येडा माणूस असन, जी!” अंकुशनं कपाळावर हात मारला. “एक छर्रा लागला नाही! एवढं मोठं बुजगावणं, जागचं हालत नाही, तरी नेम चुकला!”

“आंधळा असन बिचारा,” दामिनी म्हणाली.

“नाहीतर घाबरून डोळे मिटले असतील,” वृषालीनं जोडलं, पप्पांकडे न बघता. “बंदुकीच्या आवाजानं पळालाच असेल तो!”

काकांचा चेहरा लाल झाला. ते चुळबुळले. त्यांनी झब्ब्याची बाही सारखी केली. आणि मग राहवलंच नाही!

“लागला नाही कसा? नीट पाह्यलं तरी का तुम्ही? बरोबर छातीत लागला! बंडीची चाळणी झाली, चाळणी! आन् पळतो कायले मी, दोघं दोस्त साक्षीले—”

काका थांबले. पण आता थांबून काय उपयोग!

आबाजी सावकाश उठले. “मोरेश्वर, माह्या गैरहजेरीत माह्या परवान्याची बंदूक उडवली तू?”

“दोस्त आले होते... म्हणलं पाहावं, उडते का.” काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मग पुसून ठेवली ना जी. तेलही लावलं.”

“जवस!” दामिनीला राहवेना. “खटक्याले जवस लावला तुम्ही, काका! घोडा चिकटला!”

“तेल ते तेल,” काका पुटपुटले.

“आन् रिठ्याच्या पाण्यानं धुतली नाही,” आबाजी म्हणाले. “दारूची काजळी तशीच ठेवली. नळीले आतून गंज चढला असता, बंदूक वाया गेली असती. चुकून कोणाले लागलं असतं ते वेगळंच! दसरा झाला का माह्यासंगं सौंसरच्या ठाण्यात येजो आन् स्वतःच्या तोंडानं सांगजो. ते देतील ती शिक्षा. माही शिक्षा आत्ताची: बस खाली आन् खटका साफ कर.”

नव्या झब्ब्यातले मोरेश्वरकाका परातीपुढं उकिडवे बसले. देवकाबाईंनी त्यांच्यापुढं गरम पाणी आणून आपटलं.

मग आबाजी पाहुण्यांकडे वळले. “काल इथं कोणी म्हणलं, का माही दामिनी वरवर पुसते. काल मी बोललो नाही, कारण मलेच खात्री करायची होती का बंदूक उडवली कोणी. मीच चुकलो. तिची नळी दर साली आरशावानी असते. हे मी सगळ्यांसमोर सांगून राहिलो. आन् या तिघांनी जे काढलं, ते माह्यासारख्या म्हाताऱ्यालेही जमलं नसतं. शाबास!”

“शाबास रे पोरांनो!” ओसरी गरजली. कोणी अंकुशच्या पाठीत असा धपाटा घातला, की तो बिचारा झेंडूच्या टोपलीत पडता पडता वाचला.

दामिनीचा ऊर भरून आला. कालपासून ज्यासाठी जीव तळमळत होता, ते मिळालं होतं! तिनं वळून पाहिलं. वृषाली खांबाशी एकटी उभी होती. तिला शाबासकी मिळाली होती, पण तिचे पप्पा परातीपुढं मान खाली घालून बसले होते. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं.

दामिनीनं चुलीवरून मेण वितळवलेल्या तिळाच्या तेलाची वाटी उचलली आणि जवसाची बुधलीही घेतली. दोन्ही घेऊन ती खांबाशी गेली.

“ये,” ती म्हणाली. “पाहुण्यासारखी उभी काहून आहे? काम पडलं आहे.”

वृषालीचे डोळे चमकले. तिनं मेणाच्या वाटीला हात घातला.

“अं हं!” दामिनीनं वाटी मागं ओढली. “तू दस्ता कर. लाकूड तुझं.”

“आणि नळी?”

“नळी माही!”

“जळकी!” वृषाली हसत म्हणाली.

“आहेच!” दामिनी म्हणाली, आणि दोघी बंदुकीच्या दोन टोकांना बसून पुसू लागल्या.