पूल इलो, आये

जवळ सरका रे पोरांनो. तात्या थापा मारतो असं म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या. ही ऐकीव गोष्ट नाही. करी रोडच्या आपल्या याच चाळीतल्या दीपकच्या बाबतीत घडलेली आहे. गेल्या शिमग्याच्या आदल्या रात्री.

दीपकची आई शेवंती. उभा जन्म चाळीत काढला, पण जीव सगळा कणकवलीकडच्या गावात. जाताना एवढंच म्हणाली, "माका हयसर ठेवू नको. गावच्या नदीतच सोड." म्हणून दीपक आणि त्याची बायको अक्षदा गाडीने निघाले. अक्षदाच्या मांडीवर अस्थींचं मडकं.

त्यांच्याकडे रीत अशी, की अस्थी नेताना प्रत्येक पुलावर गेलेल्या माणसाला हाक मारायची. नाहीतर ते माणूस पाण्यापाशी अडतं, आणि उलट घरी फिरतं. पनवेलपासून दीपक इमानाने सांगत होता, "आये, पूल इलो, चल." पाताळगंगा झाली, कुंडलिका झाली, सावित्री झाली. पण हा नवा हायवे! पूर्वी पूल आला की गाडी दणके खायची, झोपलेलासुद्धा उठायचा. आता सगळं सपाट. खेडजवळची जगबुडी कधी मागे पडली, त्याला कळलंच नाही.

थोडं पुढे गेल्यावर अक्षदा म्हणाली, "अहो..."

"काय गं?"

"मडकं हलकं झालं."

दीपकने गाडी बाजूला घेतली. कापड सोडलं. अस्थी होत्या. सगळ्या होत्या. पण मडकं उचललं तर... रिकामं असावं तसं.

तो मागे फिरला. पुलावर उतरला. रात्रीचे अडीच. ट्रक अंगाला घासून जात होते आणि हा कठडा धरून ओरडत होता, "आये, माझा चुकला गो! पूल इलो, चल!"

काही नाही.

पुन्हा हाक.

अक्षदाने मडकं उचलून बघितलं. नुसती मान हलवली...

उजाडेपर्यंत ओरडला बिचारा. घसा बसला. शेवटी तसेच पुढे गेले. गावच्या नदीत अस्थी सोडल्या, पण सोडताना त्याला ठाऊक होतं, आई त्यात नाही. लहान पोरासारखा रडला.

परतले तेव्हाही रात्रच होती. मी जागा होतो. दीपकने खोलीचं कुलूप काढलं. दार ढकललं.

उघडेना.

आम्ही दोघांनी खांदा लावला. दार मोडलं. दिवा लावला. आत कोणी नव्हतं...

कडी आतून घातलेली होती.