डिस्कमधली गळती

आर्विड मेत्सालाने उभं आयुष्य हॅनकॉक गावच्या पाणीखात्यात गळत्या शोधण्यात घालवलं. रस्त्याखाली नळ कुठे फुटलाय हे तो लोखंडी कांबीला कान लावून सांगायचा, आणि टाकीतून निघालेलं पाणी घरोघरी पोचलेल्या पाण्याशी जुळत नाही तोवर त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्यामुळे जानेवारीतल्या एका सकाळी 'डिस्कवर जागा शिल्लक नाही' असा इशारा कॉम्प्युटरने दिला तेव्हा तो घाबरला नाही. उलट जरा खूशच झाला. निवृत्त झाल्यापासून त्याच्या तोडीचं काम त्याला कुणी दिलंच नव्हतं.

हिशेब सोपा होता. आठवड्यापूर्वी त्याने एक गेम टाकला होता, गोठलेल्या पाण्यावर खोपटं टाकून मासे धरायचा. त्याला पन्नास जीबी लागतील असं खोक्यावरच छापलं होतं. डिस्कवर मोकळी जागा होती त्याच्या चौपट. मग उरलेली गेली कुठे?

हा असला पोरकट खेळ आर्विडने का घेतला, हे गावात कुणी विचारलं नसतं. चार हिवाळ्यांमागे त्याचा धाकटा भाऊ ऑस्कर आपलं खोपटं गोठलेल्या कालव्यावरून ओढून आणायला गेला. मार्च होता, बर्फ मऊ पडला होता. तो खोपट्यासकट खाली गेला. खोपटं वसंतात सापडलं, ऑस्कर सापडला नाही. तेव्हापासून आर्विडने बर्फावर पाऊल ठेवलं नव्हतं, आणि ज्या माणसाचे सगळे हिवाळे बर्फावर गेले त्याने घरात बसून करायचं तरी काय? गेममध्ये खोपटं आपल्या मनासारखं बांधता यायचं. त्याने ऑस्करचंच बांधलं. हिरवं दार, एक बाक, कोपऱ्यात लोखंडी शेगडी. ते दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा एवढा साठीचा माणूस, पण ढसाढसा रडला.

दुपारी लिनेटचा फोन आला. ऑस्करची एकुलती मुलगी. गावच्या वाचनालयातले कॉम्प्युटर तीच सांभाळायची. शनिवारी तिचं लग्न होतं.

"काका, बाबाचा व्हिडिओ झाला का?"

"अर्ध्यावर अडतोय. जागा नाही म्हणतो."

"मग तो गेम काढून टाक की!"

"गेम काढून भागायचं नाही. गेमच्या तिप्पट जागा गायब आहे. कुठेतरी पाणी मुरतंय."

"झालं! म्हणजे आता तू जेवणार नाहीस."

ती हसत होती, पण त्या व्हिडिओवर तिचा किती जीव आहे ते आर्विडला ठाऊक होतं. ऐन जुलैतला होता तो. ऑस्कर बनियनवर व्हरांड्यात बसलेला, घामाने निथळणारा, एका हाताने डास हाकलत कॅमेऱ्याकडे बघून म्हणत होता, "लिने, तुझ्या लग्नात मी नाचणार. कुणाची हिंमत असेल तर अडवून दाखवा." तिच्याशी, तिचं नाव घेऊन तो बोलतोय असं चित्रण एवढंच होतं. कॅमेरा जुना, त्याची फाइल आता कुठे चालेना. नव्या पद्धतीची करून घ्यायला डिस्कवर भरपूर मोकळी जागा हवी होती. लग्नाच्या हॉलमध्ये हे दाखवायचं, एवढी एकच गोष्ट पोरीने काकाकडे मागितली होती.

आर्विड कामाला लागला. कचऱ्याची टोपली रिकामी केली. जुने अपडेट पुसले. मग एकेक फोल्डर उघडून त्याने बेरीज केली. बेरीज डिस्कच्या आकड्याशी जुळेना. नीट खोलून बघायला हवं म्हणून सगळे प्रोग्राम बंद केले, बाहेर जाऊन छपरावरचा बर्फ उतरवला आणि परत येऊन पाहिलं, तर मघाशी मोकळी केलेली जागाही नाहीशी झाली होती.

सगळे नळ बंद आणि मीटर फिरतंय! नोकरीत असं त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं, पण तिथे कान लावायला नळ तरी असायचा. तो बराच वेळ हातमोजे न काढता तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिनेट आली. बरोबर निसू होता, वेलची घातलेला पाव, तिच्या आईच्या हातचा. कोट काढता काढताच तिने खुर्ची ओढली आणि डिस्कचा नकाशा काढणारा एक प्रोग्राम चालवला. पडद्यावर रंगीत चौकोन उमटले. मधोमध एक भलामोठा करडा चौकोन होता, त्याला नाव नव्हतं.

"लपलेले फोल्डर दाखवायची परवानगी दिलीस का तू कॉम्प्युटरला?"

"ती वेगळी द्यावी लागते?"

"देवा रे," म्हणत तिने ती दिली. करड्या चौकोनावर नाव आलं. गेमने लपवून ठेवलेला फोल्डर होता, आणि त्यात ओळीने व्हिडिओ. लिनेटने गेमची माहिती वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काका, शेगडी पेटलेली असेपर्यंत हा गेम सगळं चित्रित करून ठेवतो, मागाहून बघता यावं म्हणून. खिडकी बंद केलीस तरी मागे चालूच राहतो. तू निघताना शेगडी विझवतोस ना?"

"विझवायची कशाला?"

"अख्खं जग विझवतं!"

"आपल्यात कधी विझवलीय? मागून येणाऱ्याला ऊब नको?"

मेत्सालांच्या घरात ते खरंच होतं. सौनातून, वाफेच्या न्हाणीतून, शेवटचा माणूस बाहेर पडला तरी विस्तव राखायचा, खोपट्यातून निघताना दोन ओंडके घालून दार ओढायचं. आर्विडची आई म्हणायची, शेवटची वाफ आपली नसते. मग कुणाची, असं विचारलं की ती दटावायची.

"चला, तुझी गळती सापडली," लिनेट म्हणाली. "बघू तर, माझा काका किती मासे धरतो."

तिने पहिला व्हिडिओ उघडला. खोपटं रिकामं होतं. बर्फातल्या भोकात काळं पाणी, शेगडीत जाळ. काहीच हलत नव्हतं. तिने पुढे सरकवलं. जाळ बसत आला. आणखी पुढे नेलं, तर जाळ पुन्हा मोठा झालेला होता, आणि कोपऱ्यातल्या ढिगातले ओंडके कमी झाले होते.

"आपोआप घालतो का गेम?" तिने विचारलं.

"नाही. हाताने घालावे लागतात."

पुढच्या व्हिडिओत बाकावर ओले हातमोजे होते. त्याच्या पुढच्यात हातमोजे शेगडीजवळ वाळत घातले होते.

शेवटच्यात बाकावर माणूस होता.

पाठ त्यांच्याकडे होती. कोटाच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं. डाव्या हातातला गळ तो हलकेच वरखाली करत होता आणि टाच बर्फावर आपटत होता, गाणं आठवत असल्यासारखा.

"दुसरा कुणीतरी खेळाडू असेल," लिनेट म्हणाली. "इंटरनेटवरून आला असेल."

"मी ते जोडलेलंच नाही."

"बाबा असाच बसायचा." तिचा आवाज अगदी लहान मुलीचा झाला. "काका, बाबा असाच बसायचा ना?"

पडद्यावरच्या माणसाने अंगावरचा कोट काढला, झटकला आणि शेगडीपुढे हात धरले. व्हिडिओ तिथे संपला. फाइलचा आकार मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत वाढत होता.

लिनेट उठली आणि कोट घालायला लागली. बाही सापडेना तिला.

"राहू दे ते. व्हिडिओ नसला तरी चालेल मला."

"अगं, लग्न—"

"शेगडी राहू दे, काका."

ती गेली. आर्विड पडद्यासमोर बसून राहिला. तो काही देवभोळा माणूस नव्हता. पाणी जातं तेव्हा ते कुठल्यातरी भेगेतून जातं, यावर त्याचा विश्वास होता. गेम सदोष होता, दुसरं काय? आणि मेलेल्या भावासारखी दिसणारी चार चित्रं जपण्यासाठी भावाचा खरा आवाज पोरीच्या लग्नात ऐकवायचा नाही, हे त्याच्या मनाला पटेना. ऑस्करला तरी पटलं असतं का?

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने गेम उघडला.

खोपट्यात कुणी नव्हतं. शेगडी चांगली रसरसली होती. ओंडक्यांचा ढीग नीट रचून ठेवलेला होता.

त्याने बर्फातल्या भोकातून बादली भरली आणि शेगडीत ओतली. कोळसे चुर्रर्र करून काळे पडले. पडदा इतका अंधारला की आर्विडला त्यात स्वतःचा चेहरा दिसला.

गेममधून बाहेर पडून त्याने फोल्डर पुसून टाकला.

जागा परत आली. सगळीच्या सगळी, बेरीज बरोबर जुळली. जुलैतला व्हिडिओ विनातक्रार नव्या पद्धतीचा झाला. सुरुवात चालवून पाहिली, ऑस्कर व्हरांड्यात येऊन बसत होता, एवढं बघून त्याने बंद केला. लिनेटला फोन करून नुसतं म्हणाला, "झाला तुझा व्हिडिओ." शेगडीचं तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

शनिवारी चर्चच्या तळघरातला हॉल माणसांनी आणि मांस-बटाटा भरून भाजलेल्या पास्टीच्या वासाने भरला होता. जेवणं उरकल्यावर दिवे मंद केले आणि भिंतीवर ऑस्कर उमटला. उन्हातला व्हरांडा, अंगात बनियन. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शीळ घातली.

"लिने, तुझ्या लग्नात मी नाचणार," ऑस्कर म्हणाला. लिनेट रडत रडत हसली.

"कुणाची हिंमत असेल तर अडवून दाखवा."

सगळे हसले. आर्विड हसला नाही. लिनेटचं हसूही मध्येच विरलं, आणि टेबलाखालून तिच्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं.

जुलैच्या त्या भर उन्हात, प्रत्येक शब्दाबरोबर, ऑस्करच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती.