धरलेली जागा

माझं काम रेल्वेच्या नव्या डब्यांच्या खुर्च्या बनवायचं. मऊ किती, मागे कलाव्यात किती, त्यांच्यावरून माणसं भांडतील किती, सगळं मलाच ठरवावं लागतं. या गाडीत मी प्रत्येक खुर्चीखाली वजन मोजणारी पट्टी बसवली होती. माणूस बसला की माझ्या लॅपटॉपवर आकडा दिसायचा.

परभणी ते मानवत रोड अशी चाचणी होती. भर दुपार, रिकामा डबा. परवानगी काढून मी अण्णांना, माझ्या वडिलांना, सोबत आणलं होतं. आई गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून मला ते आणि त्यांना मी, एवढंच उरलं होतं.

अण्णा बसले आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी शेजारच्या, खिडकीकडच्या खुर्चीवर टाकला.

"अहो, अख्खा डबा मोकळा आहे. जागा कुणासाठी धरताय?" मी समोर बसत विचारलं.

"तुज्या आईसाठी, संघे. तिला खिडकी लागती." ते हसले. मीही हसले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात जन्म गेलेला माणूस. जित्याची खोड, दुसरं काय! आमच्या गाडीच्या काचा तर उघडतही नाहीत.

पेडगाव न थांबता मागे पडलं आणि रुमालाच्या खुर्चीचा आकडा हलला. चार किलो. पट्टी बिघडली असेल म्हणून मी सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. अकरा. अण्णांच्या खुर्चीवर मघाशी चौसष्ट होते, आता त्रेपन्न.

अण्णा खिडकीकडे वळून बोलत होते. "बसा की निवांत. कुठं जायलाय तुमी?"

"आई आली का, अण्णा?" हे माझ्या तोंडून कसं निघालं, कोण जाणे.

"न्हाई गं. ह्या दुसऱ्याच बाई हायेत. लय लांबून आल्यात."

मी झडप घालून रुमाल उचलला. आकडा चढतच राहिला. अण्णांचा दंड धरून ओढलं. आकड्याप्रमाणे ते वीस किलोचे उरले होते, तरी माझ्यानं तसूभरही हलले नाहीत. मी फोन लावला.

"हरिओम, गाडी थांबव!" चालकाजवळ बसलेल्या सहकाऱ्याला मी ओरडून सांगितलं.

गाडी थांबली. दारं उघडली.

खिडकीपाशी चौसष्ट. अण्णांच्या खुर्चीवर शून्य.

मग कुणी उतरल्यावर हलतो तसा डबा किंचित हलला.

दोन्हीकडे शून्य.

अण्णा मात्र समोर बसलेले होते. मी त्यांचा हात हातात घेतला. ऊबदार होता. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि परक्या बाईकडे बघून हसावं तसे अदबीनं हसले.

"कोणाची लेक तू, माय?"