मधला मुक्काम

मंगरूळपीरच्या बाजारात हबीब दोरवाल्याचं दुकान ठाऊक नाही असा शेतकरी नव्हता. अंबाडीचे दोर, गोणपाट, बैलांच्या वेसणी असा त्याचा माल. त्याचा मुलगा सैफुद्दीन नागपूरच्या विद्यापीठात इतिहास घेऊन एम. ए. झाला आणि पुढं संशोधनाला लागला, तेव्हापासून हबीबची मान जरा ताठच झाली होती. संशोधन म्हणजे नेमकं काय, हे मात्र त्याला सांगता येत नसे. "पोरगा जुन्या वाटा धुंडून राह्यला," एवढंच तो गिऱ्हाइकाला सांगे.

ते खरंच होतं. आगगाडी येण्याआधी वऱ्हाडातलं धान्य आणि समुद्राकडचं मीठ बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून वाहिलं. हे तांडे कुठून जात, कुठं उतरत, याचा नकाशा सैफुद्दीन तयार करत होता. कागदांत त्याबद्दल फारसं काही नव्हतं, म्हणून तो उन्हातान्हात पायी हिंडे. जुनी चिंच, गुरांच्या माना घासून गुळगुळीत झालेला दगडी हौद, राखेनं काळी पडलेली माती, अशा खुणांवरून तो मुक्काम ठरवी. कारंज्यापासून सगळं जुळत आलं होतं. किन्हीराजाच्या अलीकडं मात्र मधला एक मुक्काम सापडत नव्हता.

"तिथं ते थांबतच नसतील," विद्यापीठातले त्याचे मार्गदर्शक म्हणाले.

"लादलेला बैल पाण्यावाचून एवढी मजल मारत नाही, सर. मुक्काम आहे. तो मी दाखवीन."

१९३९ च्या उन्हाळ्यात तो त्या माळावर येऊन राहिला. माळाच्या कडेला हेमला नाईकाचा तांडा होता. त्यांचे बैल आजोबाच्या काळातच गेले होते. आता सगळे दुसऱ्याच्या शेतात राबत. त्या साली तांड्याचा झिरा आटला होता आणि बायका पार पलीकडच्या गावाहून पाणी आणत. त्यातच गाव सरकारकडून मक्त्यानं घेतलेल्या इजारदारानं तहसिलीत अर्ज टाकला होता, की हे लोक कालपरवा आलेले उपरे आहेत, त्यांना माळावरून उठवावं. पावसाळ्याआधी निकाल लागणार होता.

हेमलाची म्हातारी आई रामीबाई रोज सैफुद्दीनला पाहायची. एक दिवस तिनं हटकलंच.

"कायले हिंडून राह्यला रे या फुफाट्यात?"

"तुमचे बापजादे कुठं उतरत, ते पाह्यतो, याडी." बंजारे आईला याडी म्हणतात, हे तो तांड्यातच शिकला होता.

"त्याचं आता काय काम, बापा?"

"काम हाय. तुमी इथलेच आहा, हे मले दाखवता येईन."

म्हातारी उठली. आत गेली आणि तिच्या सुनेनं मैलोगणती डोक्यावरून आणलेल्या पाण्यातला गडवाभर त्याच्यापुढं ठेवला. सैफुद्दीननं तो दोन्ही हातांनी घेतला.

त्याच दुपारी तो माळाच्या मधोमध मोजणी करत होता. वारा पडला होता. लांबवर एक टिटवी ओरडत होती, तीही थांबली. आणि त्याला वास आला. ओल्या कातड्याचा आणि मिठाचा. आजूबाजूला कातडं नव्हतं, ओल तर कुठंच नव्हती. ऊन डोक्यात गेलं असावं असं म्हणून त्यानं रुमाल घट्ट बांधला.

दुसऱ्या दिवशी तांड्यातल्या शेळ्या तिथंच चरत होत्या. एका जागी आल्यावर कळप मधोमध फुटला, दोन्ही बाजूंनी पुढं गेला आणि पुन्हा एक झाला. परततानाही तेच. मोठं काहीतरी वाटेत बसलेलं असावं आणि त्याला वळसा घालावा, तशा शेळ्या चालल्या. सैफुद्दीन त्या जागी जाऊन उभा राहिला. जमीन सपाट होती. चटके देणाऱ्या त्या माळावर तेवढ्याच जागी त्याच्या तळव्यांना गारवा लागला.

तो वाकून माती चाचपू लागला, तेव्हा अगदी कानाशी एक बाई बोलली.

आवाज थकलेला होता, पण आनंदी. शब्द त्याला कळले नाहीत. त्यानं वळून पाहिलं. माळ रिकामा होता. ते शब्द तोंडात घोळवत तो तांड्याकडं चालत आला आणि जसे ऐकले तसे रामीबाईपुढं म्हणून दाखवले.

म्हातारीच्या हातातलं सूप खाली आलं.

"हे तुले कोनी शिकवलं?"

"कोनी नाई. तिथं माळावर ऐकलं, शेळ्या वळसा घालतात त्या जागी. काय अर्थ हाय, याडी?"

"'ओझी उतरवा, पानी आलं.'" ती माळाकडं वळली. "बोली आमचीच हाय. पन असं बोलनारं आता कोनी उरलं नाई. माह्या आजीची आजी असं बोलत असन."

मग तिनं पदर खोचला आणि हाक दिली, "हेमला, कुदय घे."

सैफुद्दीननं दाखवलेल्या जागी सारा तांडा खणायला लागला. खबर लागताच इजारदार घोड्यावरून आला. "कोनाच्या परवानगीनं खनून राह्यले?" तो ओरडला. तेवढ्यात हेमलाची कुदळ दगडावर वाजली.

एक मोठी शिळा होती. माती झाडल्यावर तिच्यावर कोरलेलं चित्र वर आलं. गोणी लादलेला बैल, आणि त्याच्यापुढं घागरा नेसलेली बाई. पहारी लावून शिळा सरकवली तसा आतून गार वारा तोंडावर आला. घडीव दगडाची विहीर होती. त्या कडक उन्हाळ्यात पाणी असं, की वाकलं तर हात बुडावा.

काठाच्या दगडात दोराचे चरे पडले होते. हेमलानं एका चऱ्यात बोटं घातली. ती पेरापर्यंत आत गेली.

"नाईक," सैफुद्दीन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इतके खोल चरे पडाले पिढ्या लागतात. तुमी कालपरवा नाई आले."

हेमलानं मान वर केली. सैफुद्दीननं त्याला इतकं ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. इजारदार खाली उतरला, बैलाचं चित्र पाहिलं, बाईचं पाहिलं आणि घोड्यावर बसून निघून गेला. अर्ज मागं घेतल्याचा निरोप दिवेलागणीआधीच आला.

पहिलं पाणी सकाळी पूजा करून, हबीबच्या नव्या दोरानं काढायचं ठरलं. मंगरूळपीरला निरोप गेला. तोवर कुणी पाण्याला हात लावायचा नाही, अशी रामीबाईनं सक्त ताकीद दिली. विहिरीभोवतीची उकरलेली माती बायकांनी घरात उरलेल्या पाण्यानं शिंपून, सारवून गुळगुळीत केली.

उजाडता उजाडता हबीब बैलगाडीतून आला. खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. "माह्या पोरानं धुंडली ही!" तो दिसेल त्याला सांगत होता.

विहिरीशी आल्यावर सगळे थबकले.

पाणी पुरुषभर खाली गेलं होतं.

"कोनी काढलं?" हेमला गरजला.

सैफुद्दीननं जमीन पाहिली. सारवण अजून ओलं होतं, आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं. खूरही नव्हता. काठावरचे सगळे चरे मात्र पाण्यानं निथळत होते.

रामीबाई पुढं झाली. आत वाकून पाहिलं. ती घाबरली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर घरधनिणीचा तोरा होता.

"सरका रे बाजूले," ती म्हणाली. "आपलेच हायेत. लय लांबून आले. पिऊ द्या."

सगळे मागं सरले. सैफुद्दीन तेवढा काठावरून आत वाकून राहिला.

त्याच्या डोळ्यांदेखत, एकही तरंग न उठता, पाणी आणखी वीतभर खाली गेलं.