मौनाच्या वेळेतली शिकवणी

जेवणं आटोपली की प्रार्थनेची घंटा होईपर्यंत मठात मौन असायचं. कुणी कुणाशी बोलायचं नाही, समोरून कुणी आलं तर नजर खाली आणि आपण बरं की आपलं काम बरं. बुटक्या सिस्टरना ही वेळ फार आवडायची. सगळा जन्म मठाच्या शाळेत पहिलीच्या वर्गात काढलेल्या बाईला शांततेची गोडी लागली तर नवल नाही. ‘बुटक्या सिस्टर’ हे मुलांनी पाठीमागे ठेवलेलं नाव. ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या दुपारी त्या गुपचूप वर्गाकडे निघाल्या त्या सराव करायला. त्यांचा उजवा हात हल्ली थरथरायचा. फळ्यावरचा ‘अ’ थंडीत कुडकुडल्यासारखा दिसायचा आणि मुलं इमानदारीनं तसाच कुडकुडणारा ‘अ’ पाटीवर उतरवायची. ही गोष्ट मदरच्या कानावर गेली होती.

“उद्या वर्गात येऊन बसते, सिस्टर,” मठाच्या प्रमुख असलेल्या मदर सकाळीच म्हणाल्या होत्या. “फळ्यावर लिहिणं जमलं तर प्रश्नच मिटला. नाहीतर नवीन सिस्टर येताहेत, त्या पहिली घेतील. तुम्ही वृद्ध सिस्टरांच्या विश्रांतिगृहात जा, आराम करा.”

आराम या शब्दाचा सिस्टरनी असा धसका घेतला, की दुपारचा घास घशाखाली उतरला नाही. पहिलीचा वर्ग गेला तर सकाळी उठायचं तरी कशासाठी?

वर्गाचं दार लोटलं तर आत कुणीतरी होतं. पाठमोरी, उंच, तोच झगा, डोक्यावर तेच वस्त्र. मठात पाठीमागून सगळ्या सारख्याच. ती फळ्यावर ‘अ’ काढत होती. खडूचा आवाज मात्र येत नव्हता.

म्हणजे नवीन सिस्टर येऊनही ठेपल्या! मदरनी उद्यापर्यंत धीर धरायला काय हरकत होती? सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मौन होतं, विचारायची सोय नव्हती. आणि अक्षर... अक्षर इतकं देखणं होतं, की रागावलेल्या सिस्टर खडू घेऊन फळ्यापाशी कधी गेल्या, त्यांनाच कळलं नाही.

नजर खाली होती, म्हणून चेहरा दिसला नाही. ती बाई बाजूला झाली, त्यांच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं त्यांचा खडू धरलेला हात आपल्या हातात घेतला. हात गार होता. ओल्या पाटीचा वास आला. थरथर थांबली. फळ्यावर एक टपोरा ‘अ’ उमटला.

पोरगी गर्विष्ठ नाही, चांगली आहे, असं मनाशी म्हणत सिस्टर घंटेबरोबर बाहेर पडल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सिस्टर स्वयंपाकीण मावशींना म्हणाल्या, “नवीन सिस्टरचे हात अगदी गार आहेत हो. कॉफी द्या त्यांना.”

मावशींनी भाजी चिरता चिरता वर पाहिलं. “कुठल्या नवीन? त्या आजारी पडल्यात. पुढच्या आठवड्यात येणार म्हणे.”

 सिस्टरनी आपला हात झग्याच्या खिशात घातला आणि जेवणापर्यंत बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मदर मागच्या बाकावर बसल्या. मुलं एरवी कधी नसतात इतकी शहाण्यासारखी बसली होती. सिस्टरनी खडू उचलला आणि तो फळ्यावर टकटक वाजू लागला. संपलं सगळं, त्यांना वाटलं. तेवढ्यात ओल्या पाटीचा वास आला. बोटांवर गार बोटं बसली. पुढचं अक्षर, त्याच्या पुढचं, सगळी एका ओळीत.

“तुमचा हात थरथरतो, असं कोण म्हणालं मला?” मदर हसल्या. “नवीन सिस्टरना दुसरी देऊ या. तुम्ही इथंच राहा.”

सिस्टरना आनंदानं भरून आलं. दुपारी त्या पोटभर जेवल्या. मौन सुरू झालं तशा वर्गात गेल्या. उपकार मानायचे तर होतेच, आणि बोलता येत नाही म्हणून त्या फळ्यापुढे नुसत्याच हात जोडून उभ्या राहिल्या.

जोडलेल्या हातांतला उजवा हात कुणीतरी हळूच सोडवून घेतला. त्यात खडू आला.

“पुन्हा...” कानाशी कुणीतरी अगदी मायेनं म्हणालं. “घाई नको...”

सिस्टर लिहू लागल्या. लहानपणानंतर त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. किती बरं वाटतं, कुणी असा हात धरला की! घंटा झाली. त्या थांबायला गेल्या, पण हात सुटला नाही.

दार उघडलं. प्रार्थनेला न आलेल्या सिस्टरना शोधत मावशी आत डोकावल्या. ऊन वर्गभर पडलं होतं. त्यांची नजर बाकांवरून फिरली, फळ्यावरून फिरली, सिस्टरच्या तोंडावरूनही फिरली.

“मावशी...” सिस्टर म्हणाल्या.

मावशींनी मागे वळून बाहेर थांबलेल्या मदरना सांगितलं, “इथं कुणी नाही.”

आणि त्यांनी दार लावून घेतलं.