आसुडाचं टोक

फेब्रुवारीत मण्यांत साखर भरली की मखमलाबादच्या आमच्या द्राक्षबागेवर साळुंक्या उतरतात. पाखरं राखायला दरवर्षी सुरगाण्याचं एक जोडपं यायचं. यंदा ते आलंच नाही. मग मी आणि माझी बायको पल्लवी, दोघंच आळीपाळीनं बांधावर उभे राहू लागलो. डबे बडवले, फटाके फोडले. पाखरं सगळ्याला सरावली. शेवटी मी गोठ्यातला जुना आसूड काढला.

तो वाजायचा, पण अख्खा दंड फिरवावा लागे. ओझरच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म घालवलेला माझा खांदा संध्याकाळपर्यंत ठणकायला लागे. पल्लवी तेल चोळायची आणि चोळता चोळताच तिला डुलकी लागायची.

आसूड वाजतो तो टोकाच्या वेगानं. टोक आवाजालाही मागं टाकतं, तेव्हा कडाका होतो. म्हणजे खोट टोकातच होती. तिथला जाड सुतळीचा गोंडा हवेला अडत होता. तो काढून मी नायलॉनचा बारीक दोरा पिळून बांधला, मेण चोळलं, गाठीपुढे थोडे धागे मोकळे ठेवले. आवाज स्वच्छ आला. धागे जरा कापले. आवाज वाढला, जोर निम्मा लागला. अजून कापले. आता नुसतं मनगट हलवलं तरी भागत होतं. साळुंक्या भर्रकन ओढ्यापार गेल्या. किती दिवसांनी मला बरं वाटलं.

"अहो, दोन-दोनदा नका वाजवू," पल्लवी ओट्यावरून म्हणाली. "डोकं उठतं."

"एकदाच वाजवला."

"आधी तिकडं ओढ्याकडं वाजला. मग तुमचा."

"घुमला असंल आवाज."

घुमलेला आवाज नंतर येतो, हे जेवताना माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी कान देऊन आसूड उचलला. तो अजून डोक्यावरच होता, तोच ओढ्याकडून कडाका आला. हात खाली आणला, तेव्हा माझा आसूड वाजलाच नाही.

टोक बिघडलं असेल म्हणून मी उरलेले धागे छाटले. मग दोराच सोडवून टाकला. नुसती चामड्याची वादी वाजत नसते. उचलून पाहिली.

कडाका झाला. या वेळी बागेच्या आत.

मी आसुडाचे तुकडे केले आणि चुलीत घातले. पल्लवीनं का म्हणून विचारलं नाही. तीच फुंकर मारत बसली.

सकाळी वेलीचा लोंबलेला फुटवा तारेवर घ्यायला मी रिकामा हात वर केला. कडाका झाला. दचकून हात खाली पडला, आणि पार दुसऱ्या बांधावर झोपलेलं शेजारच्या सावळीरामचं कुत्रं किंचाळलं.

सावळीराम पळत आला. कुत्र्याच्या पाठीवरची कातडी सरळ रेघेत फाटली होती.

"शेखर, मुक्या जनावराला कशापायी मारलं रे?"

"माझ्या हातात काय हाये, सांग."

त्यानं माझे हात पाहिले. मग कुत्र्याची पाठ पाहिली. कुत्रं उचलून तो गेला, तो परत आमच्या बांधाला आला नाही.

तेव्हापासून मी हात खांद्याच्या वर नेत नाही. पल्लवीच मला सदरा घालते, माझा भांग पाडते. साळुंक्या पुन्हा आल्या नाहीत. माल उतरला, एका मण्याला चोच लागलेली नव्हती. व्यापारी खूश झाला. आम्ही दोघांनी दिवसचे दिवस नुसते झोपून काढले, तरी शीण जात नव्हता.

काल दुपारी मी दारात बसलो होतो. अंगणात पल्लवी धुणं वाळत घालत होती. पिळलेलं लुगडं दोरीवर टाकायला तिनं हात वर केला.

कडाका झाला.

मी माझे हात पाहिले. ते मांडीवर होते.

पल्लवी तशीच उभी राहिली. लुगड्याचं पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं. तिनं मान वळवली नाही.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "हात खाली घेऊ का?"

तिचा दंड थरथरायला लागला होता.